पैसे भरले, तरी सबस्क्रिप्शन रद्द: जुनंच सुरू करून घ्यायचं, नवं घ्यायचं की बँकेत तक्रार करायची?

खात्यातून पैसे गेलेत, पावती हातात आहे, आणि तरी सॉफ्टवेअर सांगतंय की तुमचं सबस्क्रिप्शन रद्द झालंय. अशा वेळी चार वाटा दिसतात. सपोर्टच्या मागे लागून जुनंच सबस्क्रिप्शन सुरू करून घेणं, त्याच खात्यात नवं विकत घेणं, सरळ नवं खातं उघडणं, किंवा बँकेत तक्रार करून पैसे परत मागणं. संतापलेल्या माणसाला शेवटची वाट सगळ्यात आधी सुचते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी धरायची, आणि नवं खातं उघडण्याची वाट जमेल तितकी टाळायचीच.

कारण यात दोन कामं एकमेकांत गुंतलेली असतात: बंद पडलेलं काम सुरू करणं आणि गेलेल्या पैशांचा माग काढणं. पैशांचा माग सावकाश लागला तरी चालतो. डेटाला मात्र मुदत असते. म्हणून कुठलाही निर्णय घेण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरची मुदत शोधा.

ती प्रत्येकाची वेगळी आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस सबस्क्रिप्शन रद्द झालं की ते ९० दिवस ‘डिसेबल्ड’ अवस्थेत राहतं. कर्मचाऱ्यांना मेल किंवा फाइली उघडता येत नाहीत, पण ॲडमिनला आत जाता येतं आणि सबस्क्रिप्शन पुन्हा सुरूही करता येतं. ते दिवस उलटल्यावर डेटा पुसला गेला, तर पुढे कोणी काही करू शकत नाही. क्विकबुक्स ऑनलाइन रद्द झाल्यावर वर्षभर हिशेब नुसता पाहू देतं. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक करारात डेटा मागून घ्यायला ३० दिवस असतात. ऑफिसमधल्या मेसेजसाठीचं स्लॅक पूर्ण बंद होत नाही, फुकटच्या प्लॅनवर घसरतं: ९० दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसेनासे होतात आणि एक वर्षापेक्षा जुने पुसले जातात. तुमच्याकडे वर्षभर असेल तर सपोर्टशी निवांत भांडा. ३० दिवस असतील तर पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट, म्हणजे डेटाची प्रत, काढून ठेवा, भांडण नंतर.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्या: खात्यात ‘निलंबित’ लिहिलंय की ‘रद्द’? निलंबित असेल तर बहुतेकदा पैसे जमेस धरले गेले की कुलूप आपोआप निघतं, आणि खालची तुलना तुमच्या कामाची नाही.

जुनंच सुरू करून घेणं

हा पर्याय रास्त वाटतो, कारण पैसे दिलेच आहेत. पण तो किती लवकर फळतो ते पैसे कुठे अडकलेत यावर ठरतं, आणि सपोर्टच्या पहिल्या माणसाला ते दिसत नाही. त्याच्या स्क्रीनवर फक्त ‘इनव्हॉइस थकीत’ इतकंच असतं. रक्कम जुळवायचं काम बिलिंगची माणसं करतात. म्हणून तिकिटात, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारीत, पहिल्याच ओळीत लिहा की हा तांत्रिक प्रश्न नाही, आलेली रक्कम इनव्हॉइसशी जुळवायची आहे.

पैसे अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बँक ट्रान्सफर करताना इनव्हॉइस नंबर लिहिला नाही, मग रक्कम विक्रेत्याकडे पोचली पण बेवारस पडून राहिली. आपल्याच कंपनीची त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन खाती आहेत आणि पैसे दुसऱ्या खात्यावर जमा झाले. परदेशी ट्रान्सफरमध्ये शुल्काचा पर्याय ‘शा’ (SHA, शुल्क दोघांनी वाटून घ्यायचं) निवडला, मधल्या बँकांनी आपापलं शुल्क कापलं, आणि थोडीशी रक्कम कमी पडली म्हणून इनव्हॉइस अपुरं राहिलं (हे फारच चीड आणणारं असतं, कारण पाठवणाऱ्याच्या स्टेटमेंटवर पूर्ण रक्कम दिसते). किंवा कार्डावर रक्कम नुसती राखून ठेवली गेली, प्रत्यक्षात वसूल झालीच नाही. असा व्यवहार स्टेटमेंटवर ‘पेंडिंग’ दिसतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. तसं असेल तर खरं म्हणजे पैसे भरलेच गेलेले नाहीत, आणि सपोर्टला दोष देऊन उपयोग नाही. कधी कधी तर पैशांचा संबंधच नसतो: आपल्यातल्याच दुसऱ्या ॲडमिनने रिकरिंग बिलिंग (मुदत संपली की आपोआप होणारं नूतनीकरण) बंद केलेलं असतं. कोणी काय बदललं याची नोंद, म्हणजे ऑडिट लॉग, असेल तर तो आधी उघडा.

बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फारसा चालत नाही. कार्डाचा व्यवहार असेल तर बँकेकडून एआरएन, म्हणजे २३ अंकी संदर्भ क्रमांक मागा. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, पाठवले असतील तर त्या ट्रान्सफरच्या संदेशाची प्रत (पूर्वी एमटी१०३, आता पॅक्स.००८) आणि यूईटीआर, म्हणजे ३६ अक्षरांचा माग काढायचा क्रमांक. या दोन गोष्टींनी रक्कम नेमकी कुठे थांबली ते कळतं. सोबत इनव्हॉइस नंबर, खात्याचा आयडी आणि रक्कम द्या. एकाच विषयावर दुसरं तिकीट काढू नका. सगळं पहिल्याच तिकिटात जोडत राहिलं की नवा माणूस पहिल्यापासून विचारत बसत नाही.

ही वाट कुणी धरावी? ज्यांचा जुना दर किंवा प्लॅन आता विक्रीतच नाही त्यांनी. ज्यांची लायसन्स शेकड्यांनी आहेत आणि वर्षाचे पैसे एकदम भरलेत त्यांनी. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स की किंवा इतर प्रणालींची जोडणी त्या ठरावीक सबस्क्रिप्शनला बांधलेली आहे त्यांनी.

त्याच खात्यात नवं घेणं

लहान ऑफिसला मी बहुतेक वेळा हेच सांगेन. पुन्हा पैसे भरायचे म्हटलं की मन कडू होतं, पण काम त्याच दिवशी सुरू होतं आणि जुन्या पैशांवरचा हक्क कुठेही जात नाही.

हे जमतं, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये डेटा सबस्क्रिप्शनला चिकटलेला नसतो, संस्थेच्या खात्याला आणि वापरकर्त्याला असतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये नवीन लायसन्स घेऊन त्याच वापरकर्त्यांना दिली की मेलबॉक्स जसाच्या तसा परत येतो. फक्त घाई ठेवा: वापरकर्त्याचं लायसन्स काढून घेतलं तर त्याचा मेल ३० दिवस राखला जातो. आणि साफसफाईच्या नावाखाली वापरकर्ते डिलीट करू नका. केलेच असतील, तर मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत आणि गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांत परत आणता येतात.

मात्र सगळीकडे असं नसतं. काही सेवा प्रत्येक नव्या खरेदीला नवं, रिकामं वर्कस्पेस देतात. तेव्हा पैसे भरण्याआधी चॅटवर एकच प्रश्न विचारा: हे घेतलं तर माझा जुना डेटा याच खात्यात दिसेल का? उत्तर लेखी घ्या.

नवं खातं उघडणं

थोडक्यात, नको. मायक्रोसॉफ्टमध्ये तुमचं डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) एका वेळी एकाच संस्था-खात्यात जोडता येतं, त्यामुळे जुन्या खात्यातून ते सोडवल्याशिवाय नव्या खात्यात तुमच्या पत्त्यावर मेल येणारच नाही. सोडवायला लागतो जुन्याचा ॲडमिन. डेटाचं स्थलांतर, नवे पासवर्ड, नव्या परवानग्या हे सगळं वेगळंच. सॉफ्टवेअर बदलायचं आधीपासून मनात असेल तर ठीक, पण तो निर्णय रागात घेण्यासारखा नाही.

बँकेत तक्रार, म्हणजे चार्जबॅक

व्हिसा आणि मास्टरकार्डवर वाद उपस्थित करायला साधारण १२० दिवस मिळतात. बँक तिची स्वतःची मुदत सांगेल ती पाळा, पण पहिल्याच आठवड्यात धावत जायची गरज नाही, हे नक्की. थांबावं याचं कारण असं की चार्जबॅक आला की विक्रेता खातं गोठवू शकतो, आणि मग सपोर्टशी चाललेलं बोलणंही थांबतं. शिवाय रक्कम तुमच्याच दुसऱ्या खात्यावर जमा झालेली निघाली तर विक्रेता ‘सेवा दिली आहे’ असं दाखवतो आणि तुम्ही हरता. आधी डेटा बाहेर काढा, लेखी नकार मिळवा, मग जा.

बँक ट्रान्सफरला चार्जबॅक नसतो. तिथे पैसे परत मागवण्याची विनंती करता येते, पण ज्याच्याकडे पोचलेत त्याने होकार दिला तरच ते येतात.

मध्ये रीसेलर असेल तर

इथे गणित बदलतं. तुम्ही रीसेलरला, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या मधल्या विक्रेत्याला, पैसे दिले, त्याने पुढे भरले नाहीत किंवा उशिरा भरले, तर सॉफ्टवेअर कंपनी तुम्हाला त्याच्याकडेच परत पाठवणार, कारण तिच्या दप्तरी ग्राहकाचं बिल त्याच्या नावावर आहे. तिच्या सपोर्टवर दिवस घालवण्यात अर्थ नाही. रीसेलरला लेखी मुदत द्या, त्याने कंपनीकडे भरणा केल्याचा पुरावा मागा, आणि ती टळली तर त्याच खात्यात थेट कंपनीकडून किंवा दुसऱ्या रीसेलरकडून नवं घ्या. पैशांचा दावा जुन्या रीसेलरवर राहतो.

नवं घेताना प्लॅन महिन्याचाच घ्या. मायक्रोसॉफ्टमध्ये तो वर्षाच्या बांधिलकीपेक्षा २० टक्के महाग पडतो, पण महिना संपला की सोडता येतो. वर्षाची बांधिलकी घेतली, तर खरेदीनंतर पहिल्या ७ दिवसांतच रद्द करून उरलेले पैसे मिळतात. जुनं सबस्क्रिप्शन आठव्या दिवशी सुरू झालं तर वर्षभर दोन्हींचे पैसे भरत बसाल. जुनं परत आलं की आधी लायसन्स त्यावर हलवा, मगच नव्याचं रिकरिंग बिलिंग बंद करा.