राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर : वाळू नसलेले वाळवंट

जोधपूरला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मेहरानगड पाहतात, तटावरून निळ्या वस्तीची छायाचित्रे काढतात आणि जैसलमेरच्या वाळूकडे निघतात. किल्ल्याच्या पायथ्याशी, सिंघोरिया पोल या वेशीजवळ असलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क सहसा त्यांच्या यादीत नसते. उंटाच्या सफरीपेक्षा वाळवंटात जीव तगतो कसा, हे जाणून घेण्यात ज्यांना अधिक रस आहे, त्यांनी मात्र जोधपूरमधील एक सकाळ या उद्यानासाठी राखून ठेवावी.

सुमारे ७० हेक्टरांचे हे उद्यान ज्वालामुखीतून घडलेल्या ऱ्हायोलाइट खडकावर वसले आहे. जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३६ सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या काळात, आणि माती जवळजवळ नसल्याने कातळावरून तो वाहूनही जातो. म्हणजे येथील वनस्पतींना दुष्काळ आणि दगड या दोन्हींशी झुंजावे लागते. २००६ मध्ये मेहरानगड संग्रहालय न्यासाने वृक्ष-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्याकडे या जागेचे काम सोपवले, तेव्हा सगळीकडे वेडी बाभूळ माजली होती. मूळची अमेरिका खंडातील ही बाभूळ वरून छाटली की पुन्हा फुटते, त्यामुळे खडकाच्या भेगांत शिरलेली तिची मुळे काढणे भाग होते. हे काम अखेर खाणीत राबणाऱ्या खांडवालिया कारागिरांनी केले. हातोडा मारून निघणाऱ्या आवाजावरून खडक कोठे ठिसूळ आहे हे ते ओळखत आणि तेथेच छिन्नी चालवत. मुळे काढून झालेल्या खड्ड्यांत पुढे स्थानिक रोपे लावण्यात आली आणि २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

येथे वाटाड्यासह फेरी मारण्याची सोय आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा, कारण एरवी काटक्यांच्या जुडग्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. थोर आपल्या ओळखीचा. देशावर तो कुंपणाला असतो. त्याची पाने पावसात फुटतात आणि कोरड्या दिवसांत गळून पडतात, मग अन्न तयार करण्याचे काम हिरवी, मांसल खोडे सांभाळतात. केर, म्हणजे आपली नेपती, तर जवळजवळ बिनपानांचीच. तिच्या हिरव्या फांद्याच पानांचे काम करतात. मला सर्वांत गुंतवून ठेवले ते गुग्गुळाने. त्याच्या खोडावरची साल जुन्या वहीच्या कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि सुटलेल्या जागी आत चक्क हिरवा थर दिसतो. वर्षाचा बराच काळ निष्पर्ण राहणारे हे झुडूप त्या थरातून सूर्यप्रकाश वापरते. पान म्हणजे बाष्पाची गळती. ती थांबवण्यासाठी पानांवरच पाणी सोडण्याचा हा मार्ग वेगवेगळ्या कुळांतील वनस्पतींनी स्वतंत्रपणे काढला आहे, हे एकाच वाटेवर शेजारी शेजारी पाहता येते. तेवढ्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल होतात.

प्राण्यांच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. पक्षी आणि सरडे दिसतात. बाकीचे प्राणी उन्हाच्या वेळी बिळांत आणि कपारींत राहतात, आणि तेच त्यांच्या तगण्याचे पहिले साधन आहे. चाऱ्यातील ओलाव्यावर बराच काळ भागवणारा चिंकारा किंवा अत्यंत घट्ट मूत्र विसर्जित करून पाणी वाचवणारा वाळवंटी जर्बिल हा उंदरासारखा प्राणी पाहायचा असेल, तर मोकळे माळ आणि वाळूचे प्रदेश गाठावेत. त्यासाठी जैसलमेरकडचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान अधिक योग्य ठरेल.

पर्यटकांची पसंती हिवाळ्याला असते आणि चालायला तो सुखाचाही आहे, परंतु माझे मत ऑगस्ट-सप्टेंबरच्या बाजूने पडते. त्या दिवसांत थोराला पाने असतात आणि एरवी बीजरूपाने पडून राहिलेले गवत अल्पावधीत उगवून, फुलून, पुन्हा बी धरण्याच्या घाईत असते. उकाडा होतो, हे खरे. वाटा खडकाळ आणि चढउताराच्या असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लहान वाट निवडावी. इतरांनीही पकड चांगली असलेले बूट घालावेत आणि पाणी सोबत ठेवून सकाळी लवकर आत शिरावे, कारण या झाडांकडून सावलीची अपेक्षा ठेवता येत नाही.