जहाजाच्या बेंडिंग मोमेंटची २१ स्टेशनची शीट: आठ महिन्यांचा अनुभव

समुद्र कसारा घाटापलीकडे, आणि मी नाशिकला इंदिरानगरात घरी बसून जहाजांची सुरुवातीची आकडेमोड करतो. काम मुंबईच्या एका डिझाइन ऑफिसचं. तिथल्या सरांनी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची एक्सेल शीट दिली. जहाजाच्या लांबीचे २० भाग, त्यांच्या सीमांवर २१ स्टेशनं, प्रत्येक भागाचं वजन आणि पाण्याचा वर रेटणारा जोर. त्यातून शीअर फोर्स (जहाजाला कापू पाहणारा जोर), मग बेंडिंग मोमेंट (त्याला वाकवू पाहणारा).

लाटेचा भाग लवकर उरकतो. आयएसीएस या जहाज वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या एस११ सूत्रात लांबी १०० मीटर, रुंदी १६ आणि ब्लॉक कोएफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो) ०.७५ घातला, की लाटेमुळे येणारा सॅगिंग मोमेंट (मध्य खाली झुकवणारा) सुमारे २.०२ लाख किलोन्यूटन-मीटर निघतो, हॉगिंग (मध्य वर उचलणारा) १.८१ लाख. त्याच मापांना किमान सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याला तोंड द्यायची क्षमता) लागतो १.८४ घनमीटर. साध्या पोलादाला १७५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताण धरला, तर एवढा छेद एकूण ३.२२ लाख पेलतो. म्हणजे स्थिर पाण्यातल्या सॅगिंगसाठी उरतात जेमतेम १.२ लाख. हा आकडा मी प्रत्येक कामात पहिल्यांदा कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो. मालकाने माल मधल्या होल्डमध्ये (मालाच्या कप्प्यात) जास्त मागितला, की त्याच्याशीच ताडून बघायचं.

लाट नियमात बांधलेली आहे, वजन मात्र आपल्या अंदाजावर. शीटची खरी किंमत तिथे कळते.

ऑगस्टमध्ये असंच एक जहाज होतं, इंजिन मागे, बॅलास्टवर, म्हणजे मालाऐवजी टाक्यांत पाणी भरून. शीअर फोर्स शेवटच्या स्टेशनला बरोबर शून्य, पण मोमेंटही तिथे शून्य व्हायला हवा, तो काही शून्यावर येईना. शीटमध्ये 'दुरुस्ती' नावाचा एक कॉलम आहे, तो उरलेली चूक सगळ्या लांबीवर सरळ रेषेत वाटून टाकतो. मी तो वापरला आणि पुढे गेलो. आठवड्याने सरांचा फोन आला, "अरे, इंजिन कुठे ठेवलंयस?" ६० टनांचं इंजिन तिसऱ्याऐवजी पाचव्या स्टेशनला पडलं होतं, म्हणजे १० मीटर पुढे. एकूण वजन बरोबर, म्हणून शीअर जुळला. जागा चुकली, म्हणून मोमेंट सुमारे ५,९०० किलोन्यूटन-मीटरने फसला. दुरुस्तीच्या कॉलमने ती चूक गिळली, आणि हॉगिंग होतं त्यापेक्षा कमी दिसलं. ही या शीटची सगळ्यात मोठी खोट, आणि ती मला अजूनही सलते.

बॅलास्टमध्ये जहाज कावडीसारखं वागतं, मधे आधार आणि दोन्ही टोकांना ओझं. त्यामुळे नाक खाली आणायला फोरपीक (नाकातली टाकी) भरला, की ट्रिम (पुढच्या-मागच्या बुडण्यातला फरक) सुधारतो, पण हॉगिंग वाढतं. शीटमध्ये टाकीचा आकडा बदलून हे लगेच डोळ्यांना दिसतं, यासाठी तिला पूर्ण गुण.

लाइटशिपचं, म्हणजे रिकाम्या जहाजाचं, वजन वाटण्याचा तयार आकार मात्र इंजिन मागे असलेल्या जहाजांचाच आहे. वेगळी मांडणी असेल तर सगळं हाताने भरा. ९० मीटरखालच्या जहाजाला एस११चं सूत्र लावू नका. आणि जनरल अरेंजमेंट (जहाजाची एकंदर मांडणी) पक्की झाली की पूर्ण लोडिंग सॉफ्टवेअरकडे जा.

मी आता दुरुस्तीचा कॉलम कुलूपबंद ठेवलाय. शेवटचा मोमेंट सर्वात मोठ्या मोमेंटच्या एका टक्क्यापेक्षा जास्त उरला, तर चौकोन लाल होतो आणि पुढचं पान उघडत नाही. सरांनीही ही अट त्यांच्या शीटमध्ये घालून घेतली.