जुन्या पिकअपच्या मागील दिव्यांचे वायरिंग: स्वतंत्र अर्थ, नवे जोड आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर यांचा अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या पिकअपच्या मागील दिव्यांचे वायरिंग नव्याने करून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात गाडी पावसात, चिखलात आणि खडबडीत रस्त्यांवर, रिकामी आणि पूर्ण भारानिशी, भरपूर चालली. त्यामुळे केलेल्या कामांपैकी काय टिकले आणि कशाने खरा फरक पडला हे आता खात्रीने लिहिता येते. दोन्ही दिव्यांपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, अर्थची (प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी) स्वतंत्र तार ओढली, ट्रेलरच्या सॉकेटसाठी पूर्वी कोणीतरी मारलेले जोड काढून तारा नव्याने जोडल्या, इंडिकेटर लुकलुकवणारा, उष्णतेवर चालणारा जुना फ्लॅशर काढून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला आणि सर्वांत शेवटी मागे लाल एलईडी बल्ब लावले. यांपैकी अर्थचे काम सर्वांत सोपे होते, आणि बहुतेक तक्रारी त्या एकाच कामाने गेल्या.

तक्रारी कोणत्या होत्या हे थोडे सविस्तर सांगतो, कारण अशी लक्षणे दिसली की बहुतेक जण बल्ब आणि फ्लॅशर बदलत बसतात. पार्किंग दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डावा मागील दिवा जेमतेम मिणमिणे, आणि त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवेही अंधुक उजळत. पार्किंग दिवे लावून ब्रेक दाबला तर तोच दिवा उजळण्याऐवजी विझत असे. पार्किंग दिवे लावून डावा इंडिकेटर दिला तर मागचा दिवा पुढच्या दिव्याच्या बरोबर उलट लयीत चाले: पुढचा पेटला की मागचा विझे. उजवी बाजू मात्र व्यवस्थित होती.

या विचित्र वागण्यामागचे कारण सरळ आहे. मागील दिव्यात एकाच बल्बमध्ये तापून उजळणाऱ्या दोन बारीक तारा (फिलामेंट) असतात. ब्रेक आणि इंडिकेटरसाठी साधारण 21 वॅटची, पार्किंगसाठी 5 वॅटची. दोन्ही तारांचे दुसरे टोक बल्बच्या धातूच्या बुडाला जोडलेले असते आणि तेथून प्रवाह होल्डरमार्गे अर्थला जातो. ती अर्थ तुटली की ब्रेकच्या तारेतून आलेला प्रवाह बुडापाशी अडतो आणि पार्किंगच्या तारेतून उलट्या दिशेने पार्किंगच्या सर्किटमध्ये शिरतो. तेथून तो पुढचे पार्किंग दिवे, उजवा मागील दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे यांतून अर्थ शोधतो. तापलेल्या 21 वॅटच्या तारेचा रोध साधारण 7 ओहम आणि 5 वॅटच्या तारेचा साधारण 29 ओहम असतो, म्हणून एकापाठोपाठ जोडल्या गेल्यावर बहुतेक व्होल्टेज लहान तारेवर पडते आणि मोठी तार थंडच राहते. पार्किंग दिवे आधीच चालू असतील तर डाव्या बल्बच्या दोन्ही तारांना वरून सारखेच 12 व्होल्ट मिळतात, प्रवाहाला जायला वाटच राहत नाही आणि दिवा विझतो. एक दिवा लावल्यावर दुसराच कुठला तरी दिवा हलला, तर बल्बला हात लावण्याआधी त्या कोपऱ्याची अर्थ तपासावी, असे मी आता निःशंकपणे सांगेन.

पिकअपमध्ये हा बिघाड इतका नेमाने होतो याला तिची घडणच कारणीभूत आहे. मागचा हौदा हा केबिनपासून वेगळा, चासीवर बोल्टने बसवलेला भाग असतो, आणि अनेक जुन्या गाड्यांत दिव्याची अर्थ होल्डरमधून दिव्याच्या चौकटीत, चौकटीच्या स्क्रूमधून हौद्याच्या पत्र्यात आणि पत्र्यातून बोल्टमार्गे चासीत जाते. या वाटेवरचा प्रत्येक सांधा रंग, गंज आणि चिखल यांच्या तावडीत असतो. हौद्याला नव्याने रंग दिल्यावर मागील दिवे बंद पडल्याची तक्रार वारंवार ऐकू येते, ती यामुळेच. म्हणून प्रत्येक होल्डरच्या धातूला तार जोडून ती थेट चासीपर्यंत नेली. तेथे पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि मगच वरून ग्रीसचा थर दिला. तार दीड चौरस मिलिमीटरची वापरली. एवढ्या महिन्यांत डाव्या बाजूची एकही तक्रार परत आलेली नाही, आणि मध्यंतरी बोल्ट उघडून पाहिला तेव्हा खालचा धातू तसाच स्वच्छ होता.

तपासणीच्या साधनांविषयी माझे मत या कामानंतर पक्के झाले आहे. मल्टिमीटर उत्तम साधन आहे, परंतु दिव्यांच्या तारा शोधताना तो एकटा पुरेसा नाही. त्याचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ प्रवाह घेतच नाही. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो 12 व्होल्ट दाखवतो, आणि त्याच तारेवर 21 वॅटचा बल्ब लावला की सगळे व्होल्टेज त्या धाग्यातच खर्च होते. म्हणून साधा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प घ्यावा, किंवा दिवा लागलेला असतानाच मल्टिमीटरने मोजावे. बल्ब जागेवर ठेवून ब्रेक दाबून धरावा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे होल्डरच्या धातूला लावावे, तेथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ कमजोर आहे. धन बाजूलाही असेच बॅटरीपासून होल्डरच्या टोकापर्यंत मोजावे आणि अर्ध्या व्होल्टच्या वरची घट संशयास्पद मानावी. ही घट क्षुल्लक वाटते, परंतु बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो. टेस्ट लॅम्पचे टोक तारेच्या आवरणात टोचू नये, कारण त्या छिद्रातून पाणी शिरते. शक्यतो कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोक लावावे.

ज्या पिकअपमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर मागे एकाच लाल दिव्यात असतात, तेथे ब्रेकचा प्रवाह स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमधून जातो. डावा इंडिकेटर दिला की स्विच डाव्या दिव्याला ब्रेकपासून तोडून फ्लॅशरला जोडतो. ही रचना एकदा समजली की निम्मा तपास गाडीखाली न शिरताच होतो. मागचे दोन्ही इंडिकेटर चालतात आणि दोन्ही ब्रेक लाइट लागत नाहीत, तर बल्ब, होल्डर, अर्थ आणि मागपर्यंतची तार निर्दोष आहे. दोष फ्यूज, पेडलजवळचा स्विच किंवा इंडिकेटर स्विच यांत आहे. एकाच बाजूचा ब्रेक लाइट जातो, पण त्या बाजूचा इंडिकेटर ठीक चालतो, तर इंडिकेटर स्विचचे झिजलेले संपर्क आधी पाहावेत. ज्या गाड्यांत मागे इंडिकेटर वेगळ्या पिवळ्या दिव्यात असतो, त्यांना हा तर्क लागू होत नाही, कारण तेथे ब्रेकची तार स्विचला वळसा न घालता सरळ मागे जाते.

जोडांच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला. ट्रेलरच्या सॉकेटसाठी मूळ तारांवर प्लास्टिकचे दाबून बसवायचे जोड लावलेले होते. त्यांतील धातूचे पाते आवरण कापून तांब्यापर्यंत जाते, सोबत काही धागेही कापते आणि पाण्याला कायमची वाट करून देते. तेथून आत शिरलेला हिरवा गंज आवरणाखाली बराच लांब पसरलेला असतो, म्हणून स्वच्छ लालसर तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत जावे लागले. नवे जोड योग्य मापाच्या स्लीव्हमध्ये (धातूच्या छोट्या नळीत) दाबून केले आणि वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवली. डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोडही चालतात, परंतु डाग जेथे संपतो तेथे तार ताठ होते आणि सततच्या हादऱ्यांनी तुटू शकते. चासीवरच्या वायरिंगसाठी मला दाबलेलेच जोड योग्य वाटतात. आजपर्यंत त्यांपैकी एकही सैल झालेला नाही. कनेक्टरमध्ये भरलेले सिलिकॉन ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते केवळ पाणी बाहेर ठेवते. म्हणून संपर्क आधी स्वच्छ आणि घट्ट असायला हवेत.

एलईडी बल्ब मी मुद्दाम शेवटी लावले. एलईडी इतका थोडा प्रवाह घेतो की खराब सांध्यावरही त्याचे व्होल्टेज फारसे घटत नाही. सांध्यात एक ओहमचा रोध असेल तर 21 वॅटच्या बल्बचे दीड व्होल्टहून अधिक तेथे जातात, एलईडीचे मात्र नाममात्र. वायरिंग दुरुस्त न करता एलईडी लावले तर दिवे छान दिसतात आणि दोष आत वाढत राहतो, हे मला धोकादायक वाटते. रंगाच्या बाबतीत लाल काचेमागे लालच एलईडी घ्यावा, पांढऱ्याचा प्रकाश गुलाबीसर पडतो. ब्रेक दाबल्यावर एलईडी तत्काळ पूर्ण उजळतो, तापायला वेळ घेत नाही, आणि मागून येणाऱ्या वाहनासाठी हा फायदा खरा आहे.

एलईडीमुळे जुना फ्लॅशर चालत नाही, कारण त्यातील दोन धातूंची पट्टी बल्बच्या प्रवाहानेच तापून वाकते. त्यावर उपाय म्हणून काही जण 6 ओहमचे रोधक जोडतात. इंजिन चालू असताना असा रोधक पेटलेल्या क्षणी तीस वॅटच्या आसपास उष्णता फेकतो आणि जवळचे प्लास्टिक वितळवू शकतो, शिवाय एलईडीने वाचवलेला प्रवाह पुन्हा तेथेच जातो. मी तो मार्ग घेतला नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला अर्थची एक जादा तार लागते, ती दिल्यावर लय अगदी स्थिर झाली. मिनिटाला 60 ते 120 वेळा ही सर्वमान्य मर्यादा तो बॅटरी कमजोर असतानाही पाळतो आणि ट्रेलर जोडल्यावरही त्याची लय बदलत नाही. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असतो, तेथे मात्र सगळीकडे एलईडी लावल्यावर त्या सूचक दिव्यातून प्रवाह दुसऱ्या बाजूला जातो आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात; अशा गाडीत सूचक दिव्याची जोडणी डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून बदलावी लागते.

या फ्लॅशरविषयी एकच खरी तक्रार आहे. जुन्या फ्लॅशरमध्ये एखादा बल्ब गेला की लय बिघडे किंवा दिवा नुसताच पेटून राही, आणि चालकाला बसल्या जागी सूचना मिळे. बल्बच्या प्रवाहावर अवलंबून नसलेला नवा फ्लॅशर अशी सूचना देत नाही. मागचा दिवा पूर्ण बंद असला तरी डॅशबोर्डवरचा बाण नेहमीच्याच लयीत चालतो. त्यामुळे निघण्यापूर्वी मी धोक्याचे चारही दिवे लावून गाडीभोवती फेरी मारतो आणि ब्रेक लाइट मागच्या भिंतीवरच्या उजेडावरून तपासतो. ट्रेलर जोडलेला असेल तर त्याच्या अर्थचीही वेगळी तपासणी करतो, कारण हुकच्या गोळ्यातून मिळणारी अर्थ वळणावर आणि खड्ड्यात सुटते. चार तारांच्या चपट्या कनेक्टरमधील पांढरी तार ट्रेलरच्या चासीला घट्ट जोडलेली असल्याशिवाय मी ट्रेलर रस्त्यावर आणत नाही.