9 फुटांची ओळ आणि 27 एचपी: मिनी ट्रॅक्टरचे आठ महिने

मागच्या पोळ्याला, 22 ऑगस्ट 2025 ला, ट्रॅक्टर घरी आणला. आज अवर मीटरवर 268 तास झालेत. द्राक्षाचा पूर्ण गोडी बहार (ऑक्टोबर छाटणीनंतरचा फळाचा हंगाम), काढणी आणि आता खरड छाटणी (काढणीनंतरची उन्हाळ्यातली छाटणी) एवढं सगळं त्याने बघितलं आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम टाकत नाही. एक तर मला भांडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे मी लिहिणार आहे ते मापाबद्दल. या मापाच्या कुठल्याही ट्रॅक्टरला यातलं बरंचसं लागू होईल.

शेत निफाड तालुक्यात, पिंपळगावच्या बाजूला. साडेतीन एकर द्राक्ष, थॉमसन जातीची, ओळीत 9 फूट आणि झाडात 5 फूट. शिवाय दोन एकर मोकळं रान, त्यात कांदा नाहीतर गहू. जमीन काळी. वरच्या अंगाला मुरमाड आहे, पण खालच्या सहा-सात ओळी पावसाळ्यात पाय काढू देत नाहीत.

इतकी वर्षं फवारणी भाड्याच्या ब्लोअरने (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राने) चालली होती. अडचण पैशाची नव्हती, दिवसाची होती. पाऊस उघडला की डावणीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं, औषध त्याच दिवशी मारायचं असतं, आणि गावातल्या सगळ्यांना त्याच दिवशी मारायचं असतं. 2024 ला माझा नंबर तिसऱ्या दिवशी लागला, तेव्हाच ठरवलं की आता आपलंच घ्यायचं. महाडीबीटीवर, सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज टाकला, सोडतीत नंबर लागला नाही, एक हंगाम वाट बघण्यात गेला. शेवटी कर्ज काढून 6 लाख 70 हजारांना घेतला. बरोबर एक महिन्याने, 22 सप्टेंबरला, ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चाळीसेक हजार गेले. घरात हा विषय अजूनही जेवताना निघतो.

आता मापाकडे येतो. घेण्याआधी तीन मतं होती. शेजारच्याकडे 18 एचपी आहे, तो म्हणायचा याच्यापुढे गरज नाही. दाजी म्हणाले, "अरे, घेतोच आहेस तर पस्तीस घे, ट्रॉली पण ओढेल, नांगर पण ओढेल." शोरूमवाल्याने एकच प्रश्न विचारला, "किती एकर आहे?" साडेपाच म्हटल्यावर त्याने लगेच एक मॉडेल दाखवलं. मला वाटतं चूक इथूनच सुरू होते. एकरावर ट्रॅक्टरचं माप ठरत नाही. माझ्या ओळखीत दहा एकर बाग 24 एचपीवर सांभाळणारे आहेत, आणि तीन एकराला पस्तीस घेऊन ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) मोडून घेणारेही आहेत.

मी एक काम केलं ते मात्र बरं केलं. बांबूची चार फुटांची काठी कापली आणि ऑगस्टमध्ये, पाला भरलेला असताना, ती आडवी धरून प्रत्येक ओळीतून चाललो. एकदा टायरच्या उंचीवर, एकदा बॉनेटच्या उंचीवर. कागदावर ओळ 9 फुटांची, पण दोन्हीकडचे बोद (झाडांच्या बुडाशी चढवलेले मातीचे पट्टे) आणि ठिबकच्या नळ्या धरल्या तर चाकाला खाली साधारण साडेपाच फूट उरतात. बॉनेटच्या उंचीवर वाय अँगलच्या (वेल चढवायच्या Y आकाराच्या सांगाड्याच्या) तारा आणि लोंबणाऱ्या काड्या धरल्या तर काही ठिकाणी पाचच. नाना बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "लगीन आहे का ट्रॅक्टरचं, मांडव मोजतोय ते?" पण त्या दोन तासांत पस्तीसचा विषय संपला. त्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मी शोरूममध्ये टेपने मोजली होती, ती पाच फुटांच्या वर होती. मी घेतलेल्याची साडेतीन फूट आहे.

18 एचपी का नाही? कारण रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं अवजार. शेजारच्याचा आणून माझ्या रानात चालवून पाहिला. मुरमाड भागात छान चालला. खालच्या काळ्या जमिनीत, वाफसा (मशागतीजोगी ओल) थोडा पुढे गेलेला, तिथे चार फुटी रोटाव्हेटर टेकवला की इंजिन धापा टाकायला लागायचं आणि गडी दर दहा पावलांनी लिफ्टने अवजार वर उचलायचा. दीड-दोन एकराची बाग, हलकी जमीन, आठ फुटी ओळ असेल तर 18 नक्की घ्या, मी नावं ठेवणार नाही. तो डिझेलही कमी खातो.

एचपीच्या आकड्याबद्दल एक सांगायला हवं. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजार चालतं ते पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर), आणि तिथे पोचेपर्यंत ताकद कमी होते. किती कमी, ते मॉडेलगणिक वेगळं. 24 एचपीचे म्हणून विकले जाणारे दोन ट्रॅक्टर पीटीओला तीन-चार एचपीने वेगळे असू शकतात. माहितीपत्रकात पीटीओ एचपीची वेगळी ओळ असते, ती वाचा. शोरूममध्ये स्वतःहून कुणी सांगत नाही.

दुसरा आकडा लिफ्टचा. या वर्गात बहुतेक ठिकाणी 750 किलो लिहिलेलं दिसतं. मी आधी 400 लिटरचा, लिफ्टवर बसणारा ब्लोअर बघत होतो. पाणी 400 किलो, मशीन पावणेदोनशे, एकूण पावणेसहाशे, म्हणजे 750 मध्ये आरामात बसतं असा माझा हिशेब. पण तो 750 चा आकडा लिंकच्या (अवजार अडकवायच्या दांड्यांच्या) टोकाला धरलेला असतो. टाकीचं वजन त्याच्याही मागे दीड-दोन फूट लटकतं. डेमोला टाकी भरून बांध चढवला तेव्हा पुढची चाकं इतकी हलकी झाली की स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जात होता. पुढे वजनं लावून ते निभावतं, बरेच जण तसंच चालवतात. मला भीती वाटली. मी चाकावरचा, मागे ओढायचा ब्लोअर घेतला.

आणि तिथे माझी खरी चूक झाली. 600 लिटरचा घेतला. "फेऱ्या वाचतील" एवढ्या एका वाक्यावर घेतला. फेऱ्या वाचतात, खोटं नाही. फुटवे लहान असताना एका टाकीत दोन एकरांच्या पुढे जातो. पण ट्रॅक्टर साडेसातशे किलोचा आणि मागचं गाडगं भरलं की नऊशेच्या पुढे. ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं जड. कोरड्या रानात हे कळतसुद्धा नाही.

दिवाळी झाली आणि पाऊस आला. छाटणी 6 ऑक्टोबरची, फुटवे पाच-सहा पानांवर, म्हणजे डावणीला आमंत्रणच. उघडीप मिळाली तशी टाकी काठोकाठ भरली आणि निघालो. वरच्या ओळी झाल्या. खाली तिसऱ्या ओळीत मधोमध मागचं उजवं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल लॉक दाबलं. आधी एक चाक खड्डा करत होतं, आता दोन करायला लागली. दोन मिनिटांत ट्रॅक्टरचं पोट चिखलाला टेकलं. पुढे जाता येईना, मागे ब्लोअर तिरका होऊन बोदावर चढलेला. कॉक सोडून टाकी रिकामी करावी, तर त्यात अडीच हजारांचं औषध. शेवटी मी आणि दोन गडी बादल्यांनी उपसून ड्रम भरत बसलो. टाकी रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर फोर व्हीलवर, लो गिअरमध्ये, मुकाट्याने बाहेर आला. म्हणजे ताकद कमी नव्हतीच. वजनाचा मेळ चुकला होता. तेव्हापासून ओल असेल तर 350 लिटरच्या वर भरत नाही. एक फेरी जास्त होते, होऊ दे. आज घेतला असता तर 400 लिटरचाच ओढायचा घेतला असता.

वळणाचंही तसंच. ओळीत शिरायची काळजी सगळे करतात, ओळ संपल्यावर काय करायचं हे कुणी मोजत नाही. माझ्याकडे शेवटच्या खांबापासून बांधापर्यंत 13 फूट आहेत, त्यात ताणाच्या, म्हणजे शेवटचा खांब ओढून धरणाऱ्या, तारा. नुसता ट्रॅक्टर एका दमात वळतो. मागे ब्लोअर असेल तर एकदा रिव्हर्स घ्यावाच लागतो, आणि ओढायचं गाडगं रिव्हर्स घेणं ही वेगळीच कला आहे. पहिल्या महिन्यात ताणाच्या दोन तारा तोडल्या. वळताना लिव्हरने फोर व्हील बंद करायचं, त्याने बराच फरक पडतो. हे मला कुणी सांगितलं नाही, एका गड्यानेच शोधून काढलं.

बारीक पण महत्त्वाची गोष्ट: सायलेन्सर. उभा, बॉनेटच्या वर जाणारा असेल तर मांडवाखाली किंवा वाय अँगलच्या बागेत घेऊ नका. पानं करपतात आणि तारेला अडकतो. माझा खालून बाजूला निघणारा आहे. सीटमागचा, ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारा दांडा दुमडता येतो, तोही बागेत दुमडावाच लागतो. मोकळ्या रानात आठवणीने उभा करायचा.

डिझेल मी वहीत लिहितो. ब्लोअरला तासाला अडीच ते तीन लिटर, रोटाव्हेटरला साडेतीनपर्यंत. जवळपास निम्मे तास फवारणीचे आहेत.

ट्रॉलीबद्दल दाजींचं म्हणणं अर्धं खरं निघालं. काढणीला छोटी ट्रॉली लावून 20 किलोचे साठ क्रेट सपाटीला सहज नेले. पण बागेतून रस्त्याला उतरताना एक घसरण आहे. पहिल्याच खेपेला ब्रेक दाबला आणि मागून ट्रॉलीने असा धक्का दिला की ट्रॅक्टरची शेपूट डावीकडे सरकली. घड सांडले नाहीत एवढंच. आता तिथून चाळीसच क्रेट नेतो, आणि उतरायच्या आधीच पहिला गिअर. शेणखताच्या भरलेल्या ट्रॉलीचा विचारसुद्धा करत नाही.

नांगरट या ट्रॅक्टरचं काम नाही. कांद्याच्या रानाला पलटी नांगर लागतो, त्याला पन्नासच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो, तो मी भाड्यानेच आणतो. यंदा एकरी 2,200 दिले, दोन एकराचे 4,400. वर्षातून एकदा. त्या एका दिवसासाठी बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मोठा ट्रॅक्टर बागेत कोंबायचा, हे मला पटत नाही. पाळी घालणं, सऱ्या पाडणं मात्र हा नीट करतो.

तक्रारी. 50 तासांची पहिली सर्व्हिसिंग ऐन फवारणीत आली आणि मेकॅनिक नऊ दिवसांनी आला. लिफ्टच्या जॉइंटमधून तेल पाझरत होतं, ते दुसऱ्या खेपेला थांबलं. सीट कडक आहे. सलग चार तासांनंतर कंबर धरते. आणि चाकोरी. आठ महिने त्याच दोन पट्ट्यांवरून चाकं फिरल्यावर काळी जमीन तिथे विटेसारखी झाली आहे. गेल्या आठवड्यात कुदळ मारून पाहिली, वीतभर खोल ढेकूळ निघालं आणि त्यात पांढरी मुळी नव्हती. हलका ट्रॅक्टर असून ही गत, तर पस्तीसने काय केलं असतं कोण जाणे. चाकोरीत दोन फण खोल चालवून बघतोय.

नाना पहिल्या दिवशी याला खेळणं म्हणाले होते. आता ब्लोअर धुतला नाही तर तेच ओरडतात.

खरड छाटणीत बाग उघडी आहे तोवर ताणाचे खांब दोन-दोन फूट आत घेतोय. पाच ओळींचे झाले, बाकीचे या महिन्यात. मग वळायला 15 फूट मिळतील. 600 लिटरचं गाडगं तेवढ्यात एका दमात वळतं का, ते पहिल्या फवारणीला कळेल. नाही वळलं तर ब्लोअर विकायला काढीन, कुणाला दहा फुटी ओळीसाठी हवा असेल तर सांगा.