बिल एकच, पॅटर्न पाच: कुठला घ्यावा?

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ‘पॅटर्न’ म्हटलं की फाउंड्रीवाल्याला लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा नमुना आठवतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. सॉफ्टवेअरमधला पॅटर्न असा हातात धरता येत नाही; कोड लिहिताना वारंवार येणाऱ्या अडचणीवरची ती ठरलेली मांडणी असते. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हलिसिडीस यांनी १९९४ साली २३ पॅटर्न मांडले. त्यातले पाच क्रिएशनल, म्हणजे ऑब्जेक्ट (प्रोग्राममधली वस्तू, इथे बिल) घडवण्याचे. बेळगावची इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेसाठी पाचही पाठ करतात. अडतं ते पहिल्या प्रोजेक्टमध्ये, यातला नेमका कुठला उचलायचा इथे. म्हणून एकच काम समोर ठेवून पाचही ताडून बघू: निपाणीच्या एका व्यापाऱ्यासाठी बिलिंग.

सीमाभागात बिल करताना पहिला प्रश्न येतो कराचा. निपाणीहून माल चिकोडीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतो, महाराष्ट्रातल्या कागलला गेला तर आयजीएसटी (आंतरराज्य कर). गावं हाकेच्या अंतरावर असली तरी मध्ये राज्याची हद्द आहे. हा ‘जर-तर’ कोडमध्ये दहा ठिकाणी पसरला की एखादी जागा दुरुस्त करायची राहतेच. म्हणून राज्याचा जीएसटी कोड घेऊन, २९ असेल तर कर्नाटकातलं आणि २७ असेल तर परराज्यातलं बिल देणारं एकच फंक्शन लिहावं. बहुतेक जण यालाच फॅक्टरी मेथड म्हणतात. खरं तर ही साधी फॅक्टरी झाली आणि ती त्या २३ मध्ये नाही. फॅक्टरी मेथडमध्ये मूळ क्लास (ऑब्जेक्टचा आराखडा) बिलाचं सगळं काम ठरवून देतो, पण बिल कुठल्या प्रकारचं बनवायचं हा निर्णय त्यावरून बनवलेल्या सबक्लासवर सोडतो. माझं स्पष्ट मत आहे की साध्या फॅक्टरीपासूनच सुरुवात करावी. तुमच्या कोडवर दुसरं कुणी भर घालणार असेल, तेव्हा फॅक्टरी मेथडकडे वळावं.

ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी एकमेकांशी जुळणाऱ्या ऑब्जेक्टचा अख्खा संच बनवते; तिची गरज पडते भाषेमुळे. एका गिऱ्हाइकाला बिल कन्नडमध्ये हवं, दुसऱ्याला मराठीत. शीर्षक, फॉन्ट, अक्षरी रक्कम, खालच्या अटी हे सगळं एका भाषेतलंच यायला हवं. वर कन्नड आणि खाली ‘पंचाहत्तर हजार’ असं बिल कुणाच्या हातात देणार? अक्षरी रकमेचं काम तर दोन्हीकडे मुळातच वेगळं आहे. कन्नडमध्ये एप्पत्तु (सत्तर) आणि ऐदु (पाच) जोडून एप्पत्तैदु होतो, म्हणजे दशक आणि एकक यांचा संधी करून भागतं. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, पंचाहत्तर अशी नव्व्याण्णव रूपं तक्त्यात भरूनच ठेवावी लागतात. कन्नड फॅक्टरी आणि मराठी फॅक्टरी वेगळ्या केल्या की सरमिसळ होत नाही. तिसरी भाषा आली तर एक नवी फॅक्टरी जोडून काम भागतं. पण उद्या बिलासोबत व्हॉट्सॲपचा मजकूरही हवा असं ठरलं, तर प्रत्येक फॅक्टरी उघडून त्यात भर घालावी लागते. बदल कुठून येणार याचा अंदाज घ्या: भाषा वाढणार असतील तर हा पॅटर्न घ्या, कागदपत्रांचे प्रकार वाढणार असतील तर दोनदा विचार करा.

बिल्डरची किंमत मला चूक करून कळली. माझ्या बिलाच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फंक्शनला) ओळीने द्यायचे अकरा पॅरामीटर होते. त्यात बिलाचा पत्ता आणि माल पोचवायचा पत्ता शेजारी-शेजारी, दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. मी त्यांची अदलाबदल केली आणि कंपायलरने काही तक्रार केली नाही. गिऱ्हाइकाचं गोदाम कागलला होतं, ऑफिस कोल्हापुरात. गाडी कागल ओलांडून थेट ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि बोळात ट्रक वळेना म्हणून ड्रायव्हरने मला फोन केला. बिल्डरमध्ये प्रत्येक माहिती तिच्या नावानिशी भरली जाते, शिवाय शेवटच्या ‘बिल्ड’च्या टप्प्यावर तपासणीही करता येते. माल ५०,००० रुपयांच्या वरचा आहे आणि वाहन क्रमांक रिकामा आहे, तर बिल तयारच होऊ द्यायचं नाही, कारण मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल तिथेच अडणार. जावात काम करत असाल आणि चार-पाचच्या वर ऐच्छिक रकाने असतील तर बिल्डर बिनधास्त घ्या. पायथॉनमध्ये आर्ग्युमेंट नावानेच देता येतात, तिथे बहुतेकदा वेगळा बिल्डर लागत नाही.

फाउंड्रीच्या पॅटर्नचा सर्वात जवळचा नातलग प्रोटोटाइप. मागच्या महिन्याचं बिल उचला, नक्कल काढा, नग बदला. दरमहा तोच माल जात असेल तर सोयीचं आहे. फक्त नक्कल खोलवर झाली का ते बघा. जावाचा ‘क्लोन’ वरवरची नक्कल काढतो. मालाची यादी दोन्ही बिलांत एकच राहते, आणि नव्या बिलातले नग बदलले की जुन्यातलेही बदलतात.

राहिला सिंगलटन, म्हणजे एखाद्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनू द्यायचा पॅटर्न. शिकायला सर्वात सोपा, म्हणून सगळे आधी तोच वापरतात, बहुधा बिल नंबरासाठी. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नंबर ओळीने आणि आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा. सिंगलटन मात्र ‘एकच’ राहतो तो एका चालू प्रोग्रामपुरता. निपाणीच्या दुकानात एक काउंटर आणि चिकोडीच्या शाखेत दुसरा सुरू झाला की दोन सिंगलटन झाले, आणि एकाच नंबरची दोन बिलं निघतात. नंबर डेटाबेसकडूनच घ्या. सेटिंगसारखी फक्त वाचायची गोष्ट असेल तर सिंगलटन चालेल. जावात तो एका सदस्याच्या ‘इनम’ने (ठरावीक सदस्यांच्या यादीने) लिहा, म्हणजे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम घुसले तरी दोन प्रती होत नाहीत. जावाचं स्प्रिंग हे फ्रेमवर्क वापरत असाल तर तेही नको, तिथे बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) मुळातच एकदा बनतो.

त्या निपाणीच्या बिलिंगमध्ये आज एक साधी फॅक्टरी, एक बिल्डर आणि दोन भाषांची ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी आहे. सिंगलटन मी काढून टाकला.