साठेखत करावं की थेट खरेदीखत?

आर्णीकडच्या एका कास्तकार भावाचा पेच आहे: गावठाणातलं घर घ्यायचंय, अर्धे पैसे हाती आहेत, उरलेले कापूस विकल्यावर. मग साठेखत (पुढं विकायचा करार) की खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त)?

मालकीचं पाहा. खरेदीखतानं घर तुमचं होतं. साठेखतानं होत नाही; खरेदीखत करून मागायचा हक्क तेवढा मिळतो. विकणारा फिरला, तर ठरल्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात दावा टाकावा लागतो.

खर्चात खरेदीखत जड: मुद्रांक शुल्क, वर नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पण साठेखतासोबतच ताबा घेतला, तर मुद्रांक तेव्हाच पूर्ण लागतो. तो पुढं खरेदीखतात वळता होतो.

नोटरीच्या स्टँपवरचा सौदा मी पर्यायच मानत नाही. नोंदणीशिवाय घराची विक्री कायद्यानं होतच नाही, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव चढलं तरी तो कराचा उतारा, मालकीचा नाही. घर वडिलोपार्जित असेल, तर दोन्ही कागदांवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न झालेल्या बहिणींच्याही.

पूर्ण रक्कम तयार असेल तर खरेदीखतच करा. टप्प्यानं द्यायची असेल तर नोंदणीकृत साठेखत करा; त्यात बाकी रक्कम आणि शेवटची तारीख लिहा, ताबा खरेदीखताच्या दिवशी घ्या.