‘तुमच्या आतड्यांचा स्कोअर ४२’: घरबसल्या स्टूल टेस्टमध्ये गिऱ्हाईक नेमकं कुठे फसतं

शौचाचा नमुना नळीत भरून कुरियरने पाठवायचा, काही आठवड्यांनी मोबाइलवर रंगीत अहवाल येतो. त्यात जिवाणूंची लांबलचक नावं, लाल-हिरव्या पट्ट्या, शंभरपैकी ४२ असा स्कोअर आणि खाली ‘खास तुमच्यासाठी’ बनवलेल्या प्रोबायोटिक (‘चांगल्या’ जिवाणूंच्या) कॅप्सूलचं बटण. खरा खिसा इथे रिकामा होतो, तोही दर महिन्याला. लोकांना हे उशिरा उमगतं, कारण तपासणी खोटी नसते. जिवाणूंचा डीएनए खरोखर वाचलेला असतो. बनाव असतो तो त्या डीएनएवरून कॅप्सूलपर्यंत मारलेल्या उडीत.

कमी किमतीच्या किटमध्ये बहुधा १६एस पद्धत वापरतात. सुमारे १,५०० अक्षरांच्या एका जनुकाचा छोटा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जिवाणू ओळखायचा. यातून आडनाव कळतं, माणूस कळेलच असं नाही. ई. कोलायचंच बघा: त्यात आतड्यात गुमान राहणारेही आले आणि रक्ताचे जुलाब लावणारेही. शिवाय आकडे टक्क्यांत असतात. एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटतो, प्रत्यक्षात त्यांची संख्या तेवढीच असली तरी. ‘चांगले जिवाणू कमी झाले’ या लाल पट्टीमागे अनेकदा एवढंच गणित असतं. आणि ‘नॉर्मल’ म्हणजे कोण? काही ठिकाणी कंपनीचीच आधीची गिऱ्हाइकं, म्हणजे पोटाची तक्रार घेऊन आलेलीच माणसं. निरोगी माणसाच्या आतड्यात कोण किती असावं, याचं सर्वमान्य प्रमाण अजून ठरलेलं नाही. मग ४२ कशातले?

नमुन्यातच घोळ झाला तर अहवाल आणखी भरकटतो. नमुना कोरड्या भांड्यात किंवा कागदावर धरावा, त्याला लघवी आणि कमोडचं पाणी लागू देऊ नये. दोन-तीन ठिकाणून मिळून वाटाण्याएवढा पुरतो. नळीवरच्या रेघेपुढे भरला तर टिकवणारा द्रव कमी पडतो. झाकण घट्ट लावून नळी चांगली हलवावी. नळीत असा द्रवच नसेल आणि पाकीट दोन दिवस उकाड्यात फिरलं, तर ई. कोलायच्या भाऊबंदांची वाटेतच पैदास होते आणि अहवालात ‘हानिकारक जिवाणूंची वाढ’ म्हणून छापून येते. ती वाढ कुरियरच्या पिशवीतली.

तीन महिन्यांनी ‘पुन्हा तपासा’ हा पुढचा सापळा. जिवाणूंचं प्रमाण रोजच्या खाण्याने, बद्धकोष्ठाने, जुलाबाने हलत असतं. अँटिबायोटिकनंतर तर फारच. माणूस नळी मागवतो तो पोट सर्वांत बिघडलेलं असताना. पुढचा आकडा एरवीही सुधारलाच असता, पण श्रेय कॅप्सूलला जातं. घसरला, तर डोस वाढवायचा. चित भी मेरी, पट भी मेरी.

‘लीकी गट’साठी, म्हणजे आतड्याचं अस्तर ‘गळकं’ आहे का हे सांगायला, झोन्युलिन नावाचं प्रथिन मोजून देतो म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. बाजारातले काही प्रचलित झोन्युलिन किट भलतीच प्रथिनं पकडतात, हे तपासून दाखवलं गेलं आहे. लहान आतड्यातली जिवाणूंची वाढही शौचाच्या नमुन्यावरून ठरवता येत नाही.

‘मान्यताप्राप्त लॅब’ हा शिक्का अर्धवट खरा असू शकतो. आयएसओ १५१८९ या प्रयोगशाळांच्या दर्जाच्या मानकाची मान्यता ठरावीक चाचण्यांना मिळते. त्या चाचण्यांची यादी मागा; रक्तातली साखर यादीत असेल, पण मायक्रोबायोम, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची ही तपासणी, नसूही शकते. अमेरिकेतल्या यूबायोम या कंपनीवर २०१९ मध्ये एफबीआयचा छापा पडला आणि २०२१ मध्ये तिच्या संस्थापकांवर आरोपपत्र दाखल झालं. गरज नसलेल्या तपासण्यांची बिलं विमा कंपन्यांना लावली, हा त्यातला एक आरोप.

घरी नमुना घेणंच वाईट, असं मात्र नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या चाचण्या कामाच्या असतात. एफआयटी लपलेलं रक्त शोधते. कॅलप्रोटेक्टिन आतड्याची सूज सांगतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर मोठ्या माणसात सूज असण्याची शक्यता कमी, पण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी ते वाढतं. इलॅस्टेज हे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य त्याच मापात २०० च्या खाली आलं तर स्वादुपिंडाकडे बोट जातं, पण पातळ जुलाबाचा नमुना दिला तर आकडा उगाच कमी दिसतो. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूच्या चाचणीआधी ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. डॉक्टरांना विचारूनच त्या थांबवा.

शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय: यांतलं काहीही असेल तर स्कोअरची वाट पाहण्यात आठवडे घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आधीच अडकला असाल तर आधी बँकेत जाऊन आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द करा. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. मग उरलेला नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची मागणी लेखी पाठवा. शौचात तुमच्या स्वतःच्या पेशींचा डीएनएही असतो, आणि तो कोणाला द्यायचा हे संमतिपत्राच्या बारीक अक्षरांत तुम्ही ‘मान्य’ केलेलं असू शकतं.